पेपरात आलं होतं

माझ्या आत्याच्या उजव्या पायाचं एक बोट गेल्या वर्षी काढावं लागलं. करंगळीच्या शेजारचं. तिची परवानगी घेऊनच लिहितोय, कारण घरातले बरेच जण इथे येऊन वाचतात आणि मग रविवारी मला फोन येतात. ती म्हणाली, "लिही की, पण माझं वय कमी करून लिही." म्हणून वय लिहीतच नाही.

तर झालं असं. आत्याला सोळा वर्षांपासून मधुमेह. गोळ्या अगदी घड्याळ लावून घेणारी बाई. सकाळी चहा, मग पेपर, मग गोळी, हा क्रम आजोबांच्या वेळचा (गोळी तेवढी नंतर आली). एक दिवस तिच्या पेपरात आतलं अख्खं पान मधुमेहावर आलं. मथळा बातमीसारखा, कॉलम बातमीसारखे, पांढरा कोट घातलेल्या माणसाचा फोटो, चार बऱ्या झालेल्या लोकांची मनोगतं आणि खाली फोन नंबर. वर उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'जाहिरात' असं छापलेलं होतं. ते मलाही चष्मा पुसून बघावं लागलं. आत्याने फोन केला, तीन महिन्यांचा कोर्स मागवला आणि गोळ्या बंद केल्या, कारण त्या पानात लिहिलं होतं की 'केमिकलच्या' गोळ्यांनी किडन्या जातात. अडीच महिन्यांनी चप्पल चावली. जखम भरेना. तिने आठ दिवस हळद लावली. पुढचं तुम्हाला कळलं असेलच.

हॉस्पिटलात मी जरा चिडूनच विचारलं, "आत्या, गोळ्या बंद केल्यास आणि मला एक फोन नाही केलास?" माझं मेडिकलचं दुकान आहे, निदान मला तरी विचारायचं. ती माझ्याकडे असं बघत होती की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलतोय.

"अरे, पेपरात आलं होतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्याकडे आजोबा पेपर मोठ्याने वाचायचे आणि घर ऐकायचं. त्यांच्या लेखी पेपरात आलेली गोष्ट आणि घडलेली गोष्ट ह्यांत फरक नव्हता. आत्या त्या घरात वाढली. तिचा विश्वास त्या पावडरवर नव्हताच, तो पेपरवर होता. ती पावडर पत्रकावर छापून कोणी दारात टाकली असती, तर तिने त्याच्यावर लसूण सोलला असता.

आता माझी गोष्ट. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि रॅककडे बघितलं, तर त्याच पावडरचे सहा डबे माझ्याकडे मांडलेले. गिऱ्हाईकं कात्रण घेऊन यायची, "हे आहे का?" म्हणायची, म्हणून ठेवले होते. गोळ्यांच्या स्ट्रिपवर सुटतं त्याच्या दुप्पट सुटायचं त्यात. ते डबे परत पाठवले खरे. पण त्याआधी किती विकले होते ते मी वहीत बघितलेलं नाही. मुद्दामच.

पेपरला पत्र लिहिलं. छापलं गेलं नाही. मग फोन केला. पलीकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, साहेब, जाहिरात विभाग वेगळा, संपादकीय वेगळं. दाव्यांची जबाबदारी जाहिरातदाराची, तशी सूचना आम्ही आतल्या पानावर छापतो. (छापतात. तीसुद्धा मुंगीएवढीच.)

हे सगळं घरच्या ग्रुपवर सांगितलं तर एका चुलतभावाने लगेच लिहिलं, "आता कुठली पत्रकारिता राहिली रे? प्लेगात टिळकांचा केसरी बघ." त्यावर अकरा जणांनी अंगठे दाखवले. हा सुस्कारा मला पटत नाही. तो टाकला की आपलं काम संपतं. पूर्वी सोनं होतं, आता माती आहे, चला जेवायला! म्हणून ठरवलं की एकदा खरंच प्लेगातला केसरी बघायचा.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी प्लेग ओळखला. हे मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. त्या हिवाळ्यातच साथ पुण्यात पोचली. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोगांचा कायदा आला (तोच कायदा मार्च 2020 मध्ये आपल्या राज्याने कोरोनासाठी पुन्हा बाहेर काढला) आणि पुण्यावर रँडसाहेबाची नेमणूक झाली. गोरे सोल्जर घराघरात शिरू लागले. देवघर, स्वयंपाकघर काही बघायचे नाहीत. संशय आला की माणूस इस्पितळात, घरचे लोक छावणीत आणि सामान जाळायला. लोक मेलेलं माणूस लपवू लागले. त्याच मार्चच्या 10 तारखेला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

ह्या दिवसांत केसरी काय करत होता? आपल्याला शाळेत शिकवलेलं एवढंच आठवतं की टिळकांनी रँडच्या जुलमावर लिहिलं. लिहिलंच. पण त्याच्या बरोबरीने केसरी दुसरंही काही सांगत होता आणि ते वाचकाला गोड लागणारं नव्हतं. रोग खरा आहे, रोग्याला वेगळं ठेवणं भाग आहे, स्वच्छता पाळा, इस्पितळाला नाकं मुरडू नका. शहरातली मोठमोठी माणसं गाव सोडून गेली, त्यांना केसरीने नावं ठेवली. टिळक स्वतः पुण्यातच राहिले आणि वर्गणी काढून हिंदूंसाठी वेगळं प्लेगचं इस्पितळ उभं करण्यात पुढे झाले. म्हणजे सरकारला म्हणायचं, तुमचा हेतू बरोबर पण रीत राक्षसी. आणि त्याच अंकात वर्गणीदाराला म्हणायचं, तुझा राग बरोबर पण रोगी लपवू नकोस. सोपं नाही हे. सरकारवर तोंडसुख घेऊन थांबला असता तर खप वाढलाच असता.

22 जूनला रँडवर गोळी झाडली गेली, 3 जुलैला तो मेला. टिळकांना राजद्रोहाच्या कलमाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. ती 15 जूनच्या अंकातल्या शिवाजी उत्सवाच्या मजकुरावरून, प्लेगच्या लिखाणावरून नव्हे. पण त्या मजकुराकडे सरकार कोणत्या चष्म्यातून बघत होतं ते उघड आहे. नऊ ज्यूरर होते. सहा युरोपियन म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले निर्दोष.

त्याच उन्हाळ्यातली गोखल्यांची गोष्ट मला जास्त खुपते. गोखले तेव्हा विलायतेत वेल्बी कमिशनपुढे साक्षीला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'कडे सांगितलं की सोल्जरांनी दोन बायकांवर अत्याचार केले आणि त्यातल्या एकीने जीव दिला. विलायतेत गहजब झाला. परत आल्यावर पुरावा द्यायला कोणीही पुढे येईना. पत्रं लिहिणारेही येईनात. गोखल्यांनी जाहीर, विनाअट माफी मागितली. वर्तमानपत्रांत, सगळ्यांना दिसेल अशी. पुण्यात त्यांना भित्रा म्हटलं गेलं. ती माफी मागायला हवी होती की नव्हती ह्यावर अजून वाद घालता येतो, कारण बायकांचे हाल होत नव्हते असं कोणीच म्हणू शकत नाही. पंडिता रमाबाईंनी त्याच काळात प्लेगच्या इस्पितळात बायकांचं काय होतं ह्यावर 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिलं होतं. पण छापलेलं सिद्ध करता येत नसेल तर तेवढ्याच मोठ्या आवाजात मागे घ्यायचं, ही गोष्ट त्या माणसाने स्वतःच्या अब्रूवर पाणी सोडून करून दाखवली. माफीच्या आकाराकडे पुढे पुन्हा येतो, लक्षात ठेवा.

इथपर्यंत चुलतभाऊ खूष होता. आता पुढचं.

प्लेगाच्या सहाच वर्षं आधी, 1891 मध्ये, संमतिवयाचा कायदा आला. 1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संगाने झालेल्या जखमांनी मेली, त्यावरून. मुलीचं संमतिवय दहावरून बारावर न्यायचं, एवढंच. देशात काम करणाऱ्या पंचावन्न स्त्री-डॉक्टरांनी व्हॉइसरॉयकडे अर्ज केला आणि त्यात स्वतः तपासलेल्या मुलींची हकीकत लिहून दिली. कोणाचं हाड मोडलेलं, कोण लुळी झालेली, कोण मेलेली. सार्वजनिक आरोग्यात डॉक्टरांनी एकत्र येऊन आवाज उठवण्याचं ह्याहून स्वच्छ उदाहरण मला तरी माहीत नाही. आणि केसरी? केसरी विरोधात. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा मुद्दा. आगरकरांचा 'सुधारक' बाजूने. आगरकर जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली होती लोकांनी, हे आपण विसरतो.

रखमाबाईंच्या बाबतीतही तेच. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायचं तिने नाकारलं. 1885 मध्ये 'एक हिंदू स्त्री' ह्या नावाने टाइम्स ऑफ इंडियात तिची पत्रं आली, बालविवाहाने मुलींचं शरीर आणि शिक्षण दोन्ही कसं संपतं त्यावर. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाते. केसरीने तिच्यावर टीका केली. पुढे ती लंडनला शिकून 1894 मध्ये डॉक्टर झाली आणि सुरत, राजकोटला आयुष्यभर बायकांची डॉक्टर म्हणून राबली. टाइम्सची पाठ थोपटायची असेल तर थोपटा, पण एक लक्षात घ्या, ते पत्र छापून टाइम्सचा एकही वर्गणीदार तुटणार नव्हता. त्याचे वाचक बहुतेक साहेबलोक. आपल्या वाचकाला न आवडणारं टाइम्सने त्यात काही छापलं नव्हतं.

तर, एकच केसरी. 1897 मध्ये वाचकाला नको ते ऐकवणारा आणि 1891 मध्ये वाचकाला हवं तेच ऐकवणारा. संपादक तोच, हिंमत तीच, बुद्धी तीच. टिळकांना छोटं करण्यासाठी मी हे लिहीत नाहीये, माझ्या दुकानात देवांच्या ओळीत त्यांचाही फोटो आहे. मला एवढंच म्हणायचंय की पेपर आरोग्याच्या बाजूने आहे की नाही हे तो सरकारला किती शिव्या देतो त्यावरून कळत नाही. ज्यांच्या पैशावर तो चालतो त्यांना नको असलेलं तो छापतो का, त्यावरून कळतं. तेव्हा तो पैसा वर्गणीदाराचा होता. आज आत्याच्या पेपरची किंमत बघा आणि नुसत्या कागदाची रद्दीतली किंमत बघा, म्हणजे आज तो कोणाच्या पैशावर चालतो ते समजेल.

हे जाहिरातदाराच्या पैशाचं नाटक पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झालं आणि ते वाचून मला शब्दशः घाम फुटला. 1905 साल. तिथे 'पेटंट' औषधांचा सुळसुळाट होता. गुप्त फॉर्म्युला, एकाच बाटलीत सर्दीपासून क्षयापर्यंत सगळं बरं. 'पेरूना' नावाचं एक टॉनिक फार खपायचं. त्यात 28 टक्के अल्कोहोल. दारूला हात न लावणाऱ्या धर्मशील बायका रोज चमचा-चमचा घेत होत्या आणि त्यांना बरं वाटायचं, वाटणारच! अमेरिकन काँग्रेसचे सदस्य त्याला प्रशस्तिपत्रं देत होते, फोटोसकट. लोक अशा औषधांवर वर्षाला साडेसात कोटी डॉलर घालवतात, असा अंदाज सॅम्युअल हॉपकिन्स अ‍ॅडम्स ह्या पत्रकाराने मांडला. ह्या पैशातला मोठा वाटा वर्तमानपत्रांकडे जाहिरातींच्या रूपाने जायचा.

आता गंमत. औषधवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष फ्रँक चेनी हा सर्दी-पडशावरचं एक औषध विकायचा. वर्तमानपत्रांशी होणाऱ्या जाहिरातीच्या करारात त्याने एक ओळ घातली, लाल शाईत. आशय असा, तुमच्या राज्यात आमच्या धंद्याला अडचणीचा कायदा झाला तर हा करार रद्द. झालं! लाच नाही, धमकी नाही, संपादकाला फोनसुद्धा नाही. आता कायद्याचा प्रस्ताव आला की पेपरचा मालक स्वतःच आमदाराकडे धावणार, कारण त्याचे पैसे बुडणार. चेनीने ही युक्ती संघटनेच्या बैठकीत अभिमानाने सांगितली आणि ते इतिवृत्तात नोंदलंही गेलं. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात बाटलीवर घटक छापायला लावणाऱ्या विधेयकावर चर्चा झाली, तर बॉस्टनच्या पेपरांत तिचा पत्ता नाही. 'स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन' ह्या एका पेपरने तेवढी ती छापली.

हे सगळं बाहेर काढलं मार्क सलिव्हनने. 'लेडीज होम जर्नल'च्या एडवर्ड बॉकसाठी त्याने ते शोधलं होतं, पण लेख फार लांब आणि कायद्याच्या भाषेत म्हणून बॉकने तो 'कॉलियर्स' साप्ताहिकाला दिला. 4 नोव्हेंबर 1905 ला तो छापून आला. अ‍ॅडम्सची लेखमाला त्याच साप्ताहिकात ऑक्टोबरपासून चालू होती. बॉकने स्वतः वेगळंच केलं. लिडिया पिंकहॅम नावाच्या बाईंच्या औषधाची जाहिरात बायकांना सांगायची, मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा, त्या सल्ला देतील. बॉकने शेजारी पिंकहॅमबाईंच्या थडग्याचा फोटो छापला. बाई 1883 मध्येच वारल्या होत्या.

30 जून 1906 ला अमेरिकेत अन्न आणि औषधाचा पहिला मोठा कायदा झाला. बाटलीवर अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन किती ते छापणं सक्तीचं झालं. पण नीट बघा, बाटलीवर. पेपरातल्या जाहिरातीला त्या कायद्याने हात लावला नाही. ते व्हायला 1938 उजाडलं.

आपल्याकडे उलटं आहे, आणि म्हणून मला आपला राग जास्त येतो. आपल्याकडे कायदा फार आधी झाला आणि चांगला झाला. 1954 चा औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. त्याच्या परिशिष्टात ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करायची नाही त्यांची यादी आहे. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, कर्करोग आहे. आणि बंदी नुसती औषधवाल्याला नाही. अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणीही भाग घ्यायचा नाही असे शब्द आहेत. 1959 मध्ये हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशी जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे (कायद्याचे काही तुकडे कोर्टाने तेव्हा रद्दही केले, पण हा गाभा टिकला). म्हणजे फोनवरच्या त्या सभ्य माणसाचं 'जबाबदारी जाहिरातदाराची' हे म्हणणं त्याच्या मुंगीएवढ्या सूचनेत खरं असेल, कायद्यात नाही.

मग 2022 मध्ये डॉक्टरांची संघटना, इंडियन मेडिकल असोसिएशन, पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेली. एप्रिल 2024 मध्ये कंपनीने 67 वर्तमानपत्रांत माफी छापली. तेव्हा कोर्टाने विचारलं, ही माफी तुमच्या नेहमीच्या जाहिरातींएवढ्याच आकाराची आहे का? दोन दिवसांत मोठी माफी छापून आली. वाचून मला गोखले आठवले. आणि मजा अशी की त्याच प्रकरणात कोर्टाने डॉक्टरांच्या संघटनेलाही सुनावलं, तुमच्यातले महागडी औषधं लिहून देतात त्यांचं काय, आधी आपलं घर बघा. त्यावर संघटनेच्या अध्यक्षांनी एका मुलाखतीत नको ते बोलून कोर्टाचा रोष ओढवला, त्यांनाही माफी छापावी लागली, आणि तिची अक्षरं इतकी बारीक की वाचता येत नाहीत म्हणून कोर्ट पुन्हा चिडलं. मुंगी इथेही!

पण ह्या सगळ्यात एक प्रश्न कोणी फार जोरात विचारल्याचं मी वाचलं नाही. 67 पेपरांनी माफी छापली, तिचेही पैसे घेऊन. ज्या पेपरांनी मूळ जाहिराती छापल्या, त्यातल्या किती जणांनी स्वतःची माफी छापली? मी तरी एकही बघितली नाही.

व्यवसायांच्या संघटना आरोग्याचं नाव घेऊन पेपरात येतात तेव्हाही मला हल्ली शंका येते. थॉमस वॅकली ह्या इंग्रज डॉक्टरने 1823 मध्ये 'लॅन्सेट' काढलं ते आजच्यासारखं जाडजूड शोधपत्र म्हणून नव्हे. स्वस्त साप्ताहिक होतं, त्यात नाटकांवर मजकूर आणि बुद्धिबळाची कोडीही असत. त्याने पहिला हात घातला तो स्वतःच्याच जातभाईंवर. लंडनच्या गाइज हॉस्पिटलात मोठ्या सर्जनचे पुतणे ब्रान्सबी कूपर ह्यांनी 1828 मध्ये मूतखड्याची शस्त्रक्रिया केली. काही मिनिटांचं काम, जवळजवळ तास लागला आणि रोगी दगावला. वॅकलीने ते सविस्तर छापलं आणि वशिल्याने नेमलेले सर्जन माणसं मारतात असं म्हटलं. अब्रुनुकसानीत शंभर पौंड दंड झाला, लोकांनी वर्गणी काढून खर्च भरला. पुढे 1851 पासून त्याच लॅन्सेटने हॅसल ह्या डॉक्टरकडून लंडनच्या किराण्याची तपासणी करवली आणि भेसळ करणाऱ्या दुकानदारांची नावं पत्त्यांसकट छापली. नावं, पत्त्यांसकट! आज एखादा पेपर आपल्याच जाहिरातदाराच्या पावडरची अशी तपासणी करून छापेल?

आणि आम्ही मेडिकलवाले काही वेगळे नाही. 28 सप्टेंबर 2018 ला ऑनलाइन औषधविक्रीविरुद्ध देशभर दुकानं बंद ठेवली, मीही ठेवलं. आमच्या निवेदनांत 'जनतेचं आरोग्य' हा शब्द सगळ्यात ठळक होता. चिठ्ठीशिवाय औषध विकणं धोक्याचं, असं आम्ही म्हणत होतो. बरोबरच आहे. फक्त दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाला किती जणांनी परत पाठवलं, हे विचारू नका. म्हणून मला पेपर पाहिजे. मी खोटं बोललो तर मला पकडणारा कोणीतरी पाहिजे, आणि मी त्याच्याकडे जाहिरात देतो म्हणून गप्प न बसणारा पाहिजे.

जाहिरातीचा पैसा मुळातच विषारी, असंही मी म्हणत नाही. काशीनाथुनी नागेश्वर राव ह्या तेलुगू गृहस्थांनी 1893 मध्ये मुंबईत अमृतांजन काढलं आणि त्या बामच्या पैशावर 1908 मध्ये मुंबईतच 'आंध्र पत्रिका' सुरू केली. माझं स्वतःचं पोटही औषधावरच चालतं. पेपरने जाहिरात घ्यावी, भरपूर घ्यावी. ज्या यादीवर 1954 पासून बंदी आहे ती घेऊ नये. जाहिरातीला बातमीचे कपडे घालू नयेत. 'जाहिरात' हा शब्द मथळ्याच्या टाइपात छापावा. आणि चूक झाली तर त्याच पानावर, त्याच आकारात, स्वतःच्या नावाने माफी छापावी.

हे जमत नाही असं मला सांगू नका. मार्च 2020 मध्ये लोक घाबरून पेपर बंद करू लागले, पुढच्या महिन्यात तर राज्य सरकारने घरोघर पेपर टाकायलाच बंदी घातली. तेव्हा पेपरच्या कागदातून विषाणू पसरत नाही हे आपल्या पेपरांनी किती सुंदर समजावून सांगितलं होतं! तज्ज्ञांचे दाखले, छापखान्यातल्या स्वच्छतेचे फोटो, पहिल्या पानावर, रोज, मोठ्या अक्षरात. खपावर आलं तेव्हा विज्ञान कसं छापायचं ते सगळ्यांना बरोबर आठवलं. (मी तेव्हाही पेपर घेत होतो.)

आत्याने पेपर बंद केलेला नाही. मी म्हटलं बंद कर, तर म्हणाली, "मग सकाळी करू काय?" आता ती हातात लाल पेन घेऊन बसते आणि जी जाहिरात वाटेल तिच्यावर 'जा' असं लिहिते. शंका आली तर मला फोटो पाठवते. परवा पाठवला त्यात गुडघेदुखीवरचं अर्धं पान होतं, त्यावर 'जा' होतं, आणि शेजारी एका नव्या हॉस्पिटलच्या उद्घाटनाची बातमी होती, मंत्र्यांच्या फोटोसकट. तिच्यावर तिने 'जा' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी अर्धा तास ते बघत होतो. मला सांगता आलं नाही.